रात्रीच्या रस्त्याला डोळे हवेत. पण कोणाच्या गाडीला?

राजस्थानातील फलोदी जिल्ह्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये यात्रेकरूंना घेऊन परतणारे एक प्रवासी वाहन महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर आदळले आणि १५ जण मृत्युमुखी पडले. त्याआधी दोन वर्षे, ऑक्टोबर २०२३ मध्ये, समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ मध्यरात्रीनंतर एक मिनीबस ट्रकवर मागून धडकली होती. तेथे १२ जण गेले. दोन्ही रस्ते नवे, रुंद आणि गुळगुळीत होते. दोन्ही ठिकाणी समोर अवजड वाहन होते आणि ते वेळेत टाळता आले नाही. अशा दुर्घटनांनंतर चर्चा होते ती वेगाची, चालकाच्या डुलकीची आणि नुकसानभरपाईची. अंधारात चालकाला नेमके किती अंतरावरचे दिसते, हा साधा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ६१ हजारांहून अधिक मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवरचे होते. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत या महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के आहे. मृतांमध्ये ३२,८२५ पादचारी होते. दिवसाच्या वेळेनुसार पाहिले तर सर्वाधिक अपघात सायंकाळी सहा ते नऊ या तीन तासांत होतात. एकूण अपघातांपैकी सुमारे एक-पंचमांश या वेळेतले आहेत. शेतातून, कारखान्यातून, बाजारातून माणसे पायी किंवा सायकलीवर घरी परततात आणि उजेड झपाट्याने सरतो, ती ही वेळ.

या प्रश्नामागचे गणित अवघड नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे ३३ ते ४४ मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. एकूण हिशेब ७० ते ८० मीटरचा झाला. खाली झुकवलेल्या हेडलाइटच्या उजेडात गडद कपडे घातलेला माणूस अनेकदा ५० मीटरच्या आसपासच दिसतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला थांबण्याचे अंतर ११० मीटरच्या घरात जाते. भरलेल्या ट्रकला त्याहून कितीतरी अधिक लागते. याचा अर्थ असा की, आपल्या महामार्गांवर वेगमर्यादा पाळणारा सावध चालकही रात्री स्वतःच्या दृष्टीच्या पलीकडे गाडी हाकत असतो. त्यात समोरून ‘अप्पर’ लावून येणारे वाहन डोळे दिपवते आणि पुढचे काही क्षण काहीच दिसत नाही. प्रखर दिव्यांचा हा उपद्रव एवढा वाढला आहे की, रस्ते सुरक्षेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये त्यांच्या तीव्रतेची व कोनाची मर्यादा ठरवण्याचे निर्देश द्यावे लागले.

याच पोकळीत थर्मल कॅमेऱ्याचे तंत्रज्ञान उभे राहते. साध्या कॅमेऱ्याला उजेड लागतो. थर्मल कॅमेऱ्याला तो लागत नाही, कारण प्रत्येक उष्ण वस्तू स्वतःच अवरक्त किरण उत्सर्जित करते. माणसाच्या शरीरातून निघणारे हे किरण ९ ते १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतात आणि कॅमेऱ्यातील सूक्ष्म संवेदक तापमानातील अगदी बारीक फरकही टिपतात. पडद्यावर माणूस, गाय, कुत्रा पांढऱ्या ठळक आकृतीसारखे उमटतात. तेही हेडलाइटच्या टप्प्याच्या खूप आधी. समोरच्या वाहनाच्या प्रखर दिव्याने हा कॅमेरा दिपत नाही. एक अडचण मात्र आहे. मोटारीची साधी काच हे किरण अडवते. म्हणून कॅमेरा काचेमागे ठेवता येत नाही. तो पुढच्या जाळीत बसवावा लागतो आणि त्याची भिंगे जर्मेनियमसारख्या महागड्या पदार्थाची करावी लागतात.

हे तंत्रज्ञान नवे नाही. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने २००० सालच्या मॉडेलमध्ये ते पहिल्यांदा प्रवासी मोटारीत आणले. त्यासाठी सुमारे दोन हजार डॉलर जादा मोजावे लागत. काही वर्षांतच ही सोय बंद झाली, कारण चालकाने रस्त्यावरची नजर काढून धूसर चित्राकडे पाहावे, ही अपेक्षाच अवघड होती. २००४ मध्ये होंडाने जपानमध्ये पादचारी ओळखून इशारा देणारी यंत्रणा आणली आणि पाठोपाठ जर्मन कंपन्यांनी आपल्या आलिशान गाड्यांत ती रुजवली. तेव्हापासून खरा बदल झाला तो संगणकाच्या आकलनात. आता चित्र चालकाने पाहण्याची गरज उरलेली नाही. यंत्र स्वतः ओळखते, इशारा देते आणि वेळ पडल्यास ब्रेक लावते.

अशी यंत्रणा रात्री किती उपयोगी पडते, याचे उत्तर अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये दिले आणि ते डोळे उघडणारे होते. पादचारी ओळखून आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांमुळे पादचाऱ्यांना धडकण्याचे प्रमाण एकूण २७ टक्क्यांनी घटले होते. परंतु दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यांवर काहीही फरक पडला नव्हता. साध्या कॅमेऱ्यावर विसंबलेली यंत्रणा जेथे तिची सर्वाधिक गरज, नेमकी तेथेच आंधळी ठरत होती. अमेरिकी सरकारने २०२४ मध्ये नवा नियम केला तो याच पार्श्वभूमीवर. सप्टेंबर २०२९ पासून तेथील नव्या हलक्या वाहनांत स्वयंचलित ब्रेक बंधनकारक असतील आणि त्यांनी अंधारातही पादचारी ओळखला पाहिजे. कोणता संवेदक वापरावा हे त्या नियमात सांगितलेले नाही. निष्पत्ती काय हवी, तेवढे ठरवले आहे.

आपल्याकडेही मंत्रालयाने २०२५ मध्ये बस आणि अवजड मालवाहनांसाठी आपत्कालीन ब्रेक, डुलकीचा इशारा आणि मार्गिका सोडल्याचा इशारा बंधनकारक करणारा मसुदा काढला. दिशा स्वागतार्ह आहे. परंतु परदेशी मानक जसेच्या तसे उचलण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण भारतीय रात्र वेगळी आहे. मला तीन फरक महत्त्वाचे वाटतात.

पहिला फरक उष्णतेचा. मे महिन्यात विदर्भात किंवा मारवाडात सूर्यास्तानंतरही डांबर तापलेले असते. हवा आणि रस्ता शरीराच्या तापमानाजवळ पोहोचले की माणूस पार्श्वभूमीत विरघळतो आणि थर्मल कॅमेऱ्याचे बळ ओसरते. दुसरा फरक धुक्याचा. धूर आणि विरळ धुके यांतून हा कॅमेरा डोळ्यापेक्षा बरे पाहतो. पण पंजाबपासून बिहारपर्यंत हिवाळ्यात उतरणाऱ्या दाट धुक्याचे थेंब या किरणांनाही विखुरतात. रेल्वेने एकेकाळी इंजिनचालकासाठी अवरक्त कॅमेरा व रडार यांची ‘त्रिनेत्र’ नावाची योजना आखली होती. आज धुक्यात ती प्रामुख्याने विसंबते ती उपग्रहाच्या आधारे पुढच्या सिग्नलची सूचना देणाऱ्या साध्या उपकरणांवर. २०२३-२४ च्या हिवाळ्यात अशी १९,७४२ उपकरणे रेल्वेने पुरवली होती.

तिसरा फरक सर्वांत गंभीर. काही वर्षांपूर्वी मी नागपूरहून उत्तरेकडे जाणाऱ्या एका ट्रकच्या केबिनमध्ये बसून रात्रभर प्रवास केला होता. रस्त्यात कशाची भीती वाटते, असे मी चालकाला विचारले. गायी-म्हशींचे डोळे निदान चमकतात, असे त्याने सांगितले. त्याला धास्ती होती ती बंद पडलेल्या ट्रकची. मागे दिवा नाही, पट्टी नाही, फार तर दगड आणि झाडाची फांदी ठेवलेली. तास-दोन तासांत त्या ट्रकचे टायर आणि इंजिन थंड होऊ लागतात आणि रात्र सरताना त्याचे तापमान भोवतालाशी जुळत जाते. म्हणजे जो कॅमेरा ५० पावलांपलीकडचे वासरू सहज दाखवील, त्यालाच रस्त्यातली ही लोखंडी भिंत पुसट दिसेल. त्यासाठी रडार हवे. आणि रडारच्याही आधी काही रुपयांची परावर्तक पट्टी हवी. साखर हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर प्रदेशात रात्रीच्या रस्त्यावर उतरणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना हेच लागू आहे. रिफ्लेक्टरचा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत केव्हापासूनच आहे. अंमलबजावणीची सूचना दर हंगामाला नव्याने निघते.

असे असूनही थर्मल कॅमेरा बाजूला सारण्याजोगा नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ५० लाखांहून अधिक मोकाट गोवंश नोंदला गेला. त्यातील निम्मा एकट्या राजस्थान आणि उत्तर प्रदेशात आहे. पादचारी, सायकलस्वार आणि जनावरे यांच्यासाठी वर्षाच्या बहुतेक रात्री या कॅमेऱ्याला तोड नाही. त्याचा भारतातला पुरावाही उपलब्ध आहे, पण तो रस्त्यावरचा नाही. तमिळनाडूच्या वनविभागाने कोइम्बतूरजवळ मदुक्करै येथे रेल्वेमार्गालगत १२ मनोऱ्यांवर २४ थर्मल व साधे कॅमेरे बसवले. ७.२४ कोटी रुपयांची ही यंत्रणा २०२४ च्या आरंभी सुरू झाली. हत्ती रुळांकडे येताना दिसला की नियंत्रण कक्षाला आणि रेल्वेला सूचना जाते. येथे कॅमेरा गाडीवर नसून जागेवर आहे, ही यातली शिकण्याची गोष्ट. ज्या पाच-दहा किलोमीटरच्या पट्ट्यात वारंवार माणसे किंवा जनावरे चिरडली जातात, तेथे रस्त्यालाच डोळे देता येतात आणि त्याचा लाभ दुचाकीस्वारापासून ट्रकपर्यंत सर्वांना मिळतो. एका गाडीतल्या कॅमेऱ्याचा लाभ त्या गाडीच्या वाटेत येणाऱ्यांपुरताच राहतो.

बाजारावर सोडले तर हे तंत्रज्ञान आलिशान आयात गाड्यांतून हळूहळू झिरपेल. ज्यांच्यामुळे आणि ज्यांना धोका आहे, त्यांच्यापर्यंत शेवटी पोहोचेल. किंमत हा अडथळा खरा आहे. संवेदकांना लष्करी उपयोग असल्याने अधिक वेगाने चित्रे टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यांवर अनेक देशांचे निर्यात निर्बंध आहेत. जर्मेनियमचा मुख्य पुरवठादार असलेल्या चीनने ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या निर्यातीवर परवाना लादला आहे. मात्र देहरादूनच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत आणि बंगळूरुच्या उद्योगांत थर्मल कॅमेऱ्यांचे कौशल्य दशकांपासून आहे. सीमेवरच्या जवानाला अंधारात दिसावे म्हणून देशाने जी क्षमता उभारली, तिचा नागरी अवतार एसटीच्या रातराणीला का मिळू नये? नागपूरच्या शहर बसमध्ये २०२१ पासून टक्कर टाळण्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेचा प्रयोग झाला. त्याची रात्रीची आवृत्ती राज्य परिवहन महामंडळांच्या एकत्रित खरेदीतून आणता येईल. मागणीची हमी मिळाली की किंमत उतरते, हे एअरबॅग आणि एबीएसने दाखवून दिले आहे.

धोरणकर्त्यांनी प्राधान्यक्रम ठरवावा, एवढीच माझी मागणी आहे. अवजड वाहनांच्या स्वयंचलित ब्रेकच्या मानकात अंधारातल्या पादचाऱ्याची, जनावराची आणि थंड पडलेल्या उभ्या ट्रकची चाचणी हवी. ती कोणत्या संवेदकाने पार करायची ते उद्योग ठरवतील. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ मूल्यांकनाचा मुख्य भर सुरुवातीला गाडीतल्या माणसांवर राहिला. गाडीबाहेरच्या माणसाच्या रात्रीच्या सुरक्षेला त्यात ठळक गुण मिळायला हवेत. महामार्गांवर ट्रकसाठी पुरेसे थांबे आणि बंद वाहन तासाभरात हलवणारी गस्त हवी. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने रस्त्याच्या सदोष रचनेसाठी ठेकेदार व अधिकाऱ्यांना जबाबदार धरणारे कलम १९८ अ आणले. अंधारी वळणे आणि दिव्यांविना सोडलेली गावालगतची ओलांडणी त्या कलमाखाली तपासली जायला हवीत.

आपण रस्ते बांधले ते दिवसाच्या वेगासाठी आणि वापरतो मात्र रात्रीही. त्या रस्त्याच्या कडेने काळोखात चालणाऱ्या मजुराकडे ना दिवा असतो, ना कॅमेरा विकत घेण्याची ऐपत. तो दिसावा, याची जबाबदारी वेगाने येणाऱ्यावर आणि त्याला तो वेग देणाऱ्या सरकारवर आहे.