दीड सिलिंडरची होडी

“रिटायर झालो की होडी घेणार!” हे वाक्य मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षापासून ऐकत आले. कुणाचे यजमान निवृत्तीनंतर शेती करणार असतात, कुणाचे चारधामला जाणार असतात. आमच्या यांना मात्र शिडाची होडी हवी होती. तीही नागपुरात! देशाच्या अगदी मधोमध, झीरो माइलच्या दगडापाशी! समुद्र बघायचा तर रात्रभर रेल्वेत बसून मुंबई गाठावी लागते. मी हसून सोडून द्यायची.

कॉलेजात असताना हे एनसीसीच्या नौदल शाखेत होते. रविवारी सकाळी अंबाझरीवर होडी चालवायचे. पांढरी हाफपँट, हातात दोर, चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव, असा एक पिवळा पडलेला फोटो आमच्या अल्बममध्ये आहे. मग कोराडीच्या वीज केंद्रातली नोकरी, शिफ्ट, मुलाचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण. होडी त्या फोटोतच राहिली. दोन वर्षांपूर्वी हे निवृत्त झाले. निरोपाचा नारळ आणि शाल घेऊन घरी आले, चहा झाला आणि म्हणाले, “आता होडीचं बघू या.”

मला रागच आला. त्याच्या आदल्याच वर्षी यांची अँजिओप्लास्टी झाली होती. पण खरं कारण वेगळंच होतं आणि ते मी कधी नीट बोलले नव्हते.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. तिकडे गावागणिक तलाव. मालगुजारांच्या काळातले, पाळ घालून अडवलेले. पोळ्याच्या दिवशी सगळे बैल धुवायला तलावावर नेतात. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता, मोठ्या माणसांच्या मागे मागे गेला. बैल परत आले, तो आला नाही. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. त्यानंतर आई तलावाकडे तोंड करून बसल्याचं मला आठवत नाही. पोहायला शिकायचा तर प्रश्नच नव्हता. सत्तावन्न वर्षं मी घोट्याच्या वर पाण्यात गेले नाही.

शिवाय पाणी नागपुरात काय करतं ते आपण पाहिलंच आहे. जुलै २०१७ मध्ये वेणा जलाशयात तरुण मुलांची होडी उलटली, किती घरं उजाड झाली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि ज्या रस्त्यांवरून आपण स्कूटी नेतो, तिथे लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. हे सगळं मी यांना ऐकवलं. रात्री अकरापर्यंत आमचं भांडण चाललं. शेवटी मी म्हणाले, “होडी घ्या. पण माझी एक अट आहे. पाण्याच्या मध्यावर तुम्हाला काही झालं, तर ती होडी मला एकटीला काठाला आणता आली पाहिजे.”

हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग तुला शिकावं लागेल.”

मैत्रिणींनो, खरेदी म्हटली की आपण तयारच असतो. पण साडी, फ्रीज, अगदी फ्लॅट घेतानाही विचारायला चार जण असतात. होडीबद्दल नागपुरात कुणाला विचारायचं? हे भराभर मोठमोठ्या होड्यांची नावं सांगायला लागले. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ कशी बांधली, ती छप्पन्न फुटी होडी घेऊन दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटेच पृथ्वीप्रदक्षिणा करून कसे आले, वगैरे. तिथेच बांधलेल्या ‘तारिणी’वरून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा मुली २५४ दिवसांत जग फिरून आल्या आणि २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच तशी फेरी पूर्ण करून परतल्या, हे मात्र मी कान देऊन ऐकलं. दोघीच! आणि आमच्याकडे मी बाथटबलाही घाबरणारी.

मग मुंबईला भाच्याकडे जाऊन आम्ही प्रत्यक्ष होड्या बघितल्या. यांना जुनी ओळखीची ‘एंटरप्राइज’च हवी होती. एनसीसीतली मुलं तिच्यावरच शिकतात. सव्वातेरा फुटांची, दोन शिडांची, दोघांनी चालवायची. दिसायला देखणी. विकणाऱ्याने किंमतही बरी सांगितली. मी विचारलं, “वजन किती?” म्हणाला, “नव्वद किलोच्या आसपास.”

आता किलोमध्ये मला कळत नाही. मला सिलिंडरमध्ये कळतं. घरी येतो तो भरलेला सिलिंडर म्हणजे तीस किलोच्या जवळपास. म्हणजे ही होडी झाली तीन सिलिंडर. यांना डॉक्टरांनी सांगितलंय, बसून करायचं काम खुशाल करा, वजन उचलू नका. माझे गुडघे म्हणजे तीस वर्षं शिवणक्लासमध्ये पायमशीन चालवलेले गुडघे. तीन सिलिंडर पाळीवरून पाण्यात आणि पाण्यातून पाळीवर कोण नेणार? शिवाय ही होडी चपळ, वाऱ्याची झुळूक आली की लगेच कलते.

दुसरी दाखवली ‘वेफेअरर’. पावणेसोळा फुटांहून जरा मोठी, रुंद, शांत स्वभावाची. आत पाय मोकळे सोडून बसता येतं. मला फार आवडली. वजन एकशे एकोणसत्तर किलो. साडेपाच सिलिंडर! तिसरी ‘लेझर’. आपली नेत्रा कुमानन टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात उतरली, ती. वजन दोन सिलिंडरच, पण ती एकट्याने चालवायची, सपाट फळीसारखी. काठावर बसून अंग पाण्यावर झोकून द्यायचं, सतत भिजायचं. पोटाचे स्नायू विशीतले लागतात. यांनी तिच्याकडे प्रेमाने बघितलं, मी यांच्या पोटाकडे बघितलं आणि आम्ही पुढे निघालो.

परत येताना मी गाडीत हिशेब मांडला. आपल्याला समुद्रात जायचं नाही, तलावात जायचं आहे. विदर्भातले तलाव उथळ. उन्हाळ्याकडे तर पाणी मागे सरून चिखल उरतो. पाण्यात बेशरमची झुडपं, बुडालेल्या झाडांची खुंटं, ढीवर लोकांची जाळी. शिडाच्या होडीला बाजूला घसरू नये म्हणून तळातून खाली एक फळी सोडलेली असते. काही होड्यांना ती पक्की आणि जड असते. अशी होडी आपल्याकडे पहिल्याच दिवशी चिखलात बसायची. आपल्याला ती फळी वर ओढून घेता आली पाहिजे, सुकाणूही वर उचलता आलं पाहिजे. आपला वाराही लहरी. हिवाळ्यात सकाळी पान हलत नाही, दुपारी जरा सुटतो, आणि मे-जूनमध्ये आभाळ भरून आलं की दहा मिनिटांत वावटळ. म्हणजे शीड एका माणसाला चटकन खाली घेता आलं पाहिजे. आणि होडी उलटलीच तर ती बुडता कामा नये, हवाबंद कप्पे हवेत.

हे सगळं ऐकून हे म्हणाले, “तू तर माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारून राहिलीस!”

उत्तर मुलाने काढलं. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये एका वर्तमानपत्राने सामान्य कुटुंबांसाठी एक होडी काढली होती, ‘मिरर’. पावणेअकरा फुटांच्या आसपास, पुढचं टोक बोथट, शीड लाल. मोटारीच्या टपावर बांधून नेता यावी म्हणून डोलकाठी आखूड. आणि वजन साडेपंचेचाळीस किलो. दीड सिलिंडर! पण मी खरी अडकले ती पुढच्या गोष्टीत. ती घरी बांधायची असते, आणि बांधायची म्हणजे चक्क शिवायची! प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने टाके घालत जोडायचे. मग आतून सांध्यांवर काचेच्या धाग्यांची पट्टी आणि इपॉक्सी लावायचं. ते वाळलं की तारा कापून टाकायच्या. अहो, हा आपला कच्चा धावदोराच की!

त्याच घराण्यातल्या एका होडीचे नकाशे मुलाने मागवून दिले. लकडगंजातून मरीन प्लाय आणलं. दुकानदाराने विचारलं, “किचनच्या ट्रॉल्या करता का?” हे म्हणाले, “होडी.” त्याने यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चहा मागवला.

बांधायचं काम घराच्या पोर्चमध्ये पाच महिने चाललं. नकाशा कापडावर काढावा तसा मी प्लायवर काढला, कारण यांची रेघ सरळ येत नाही. नागपूरच्या उन्हाने मात्र छळलं. इपॉक्सी आणि त्याचं हार्डनर एकत्र केलं की थंड देशात म्हणे अर्धा तास हाताशी असतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये ते डब्यातच गरम होऊन दगड व्हायचं. तीन डबे फुकट गेल्यावर आम्ही पहाटे साडेचारला उठून थोडं थोडं कालवायला लागलो. हातमोजे विसरू नका, एकदा मी विसरले, आठवडाभर मनगटं खाजत होती. कॉलनीतल्या बायका सकाळी फिरायला निघाल्या की फाटकाशी थांबायच्या. “अजून झाली नाही का हो नाव?” एकीने तर विचारलं, गणपती विसर्जनाला भाड्याने द्याल का!

शीड मी शिवलं. मुंबईहून लाल डॅक्रॉन मागवलं. तोवर मला वाटायचं शीड म्हणजे सपाट चादर. तसं नसतं. त्याला किंचित पोट असावं लागतं, म्हणजे वारा त्यावरून वळून जातो आणि होडीला ओढ लागते. हे पोट येतं कसं? पट्ट्या जोडताना कडेला शिवण थोडी जास्त दाबायची आणि आत जाता जाता निमुळती करत न्यायची. ब्लाउजला टक्स घालतो ना आपण, अगदी तसंच! हे पुस्तक उघडून मला समजावायला बसले होते. मी म्हटलं, “मिटा ते. एवढं आयुष्य मी दुसरं काय केलं?”

त्याच काळात मी पोहायला जायला लागले. महिलांच्या सकाळच्या बॅचमध्ये माझ्या आजूबाजूला सगळ्या शाळकरी मुली. पहिले पंधरा दिवस मी नुसती पायऱ्यांवर बसून रडले. शिकवणारी मुलगी चांगली होती, तिने कारण विचारलं नाही. रोज एक पायरी खाली बसवायची. आजही मी फार पोहते असं नाही. पाठीवर तरंगते, आणि लाइफ जॅकेट असलं की श्वास नीट चालतो. जॅकेट वजनाच्या मापाचं घ्यायचं आणि पट्टे आवळून बांधायचे, सैल असेल तर ते वर गळ्याशी येतं. आणि हो, साडी अजिबात नाही. पाण्यात ती पायांना गुंडाळते. मी सलवार घट्ट शिवून घेतली.

परवानगीसाठी एका कार्यालयात आम्ही किती चकरा मारल्या ते लिहीत नाही, नाहीतर लेख तिथेच संपेल. शेवटी रामटेकच्या पलीकडच्या एका गावातल्या तलावावर मच्छीमार सोसायटीच्या लोकांनी, जाळ्यांना धक्का लावायचा नाही या बोलीवर, होडी टाकू दिली. पहिल्या दिवशी अर्धं गाव जमलं. लाल शीड वर चढलं तशी एक म्हातारी म्हणाली, “अवो माय, हे लुगडं काहून टांगलं व?”

पहिला धडा मी यांच्याकडून उलटण्याचाच घेतला. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, मुद्दाम होडी आडवी करायची. मग खालून बाहेर आलेल्या फळीवर भार देऊन तिला सरळ करायची, मागून आत चढायचं, बादलीने पाणी उपसायचं. ते पहिलं पाणी डोक्यावरून गेलं तेव्हा मला भाऊ आठवला. मी त्या दिवशी पुन्हा होडीत बसले नाही. पुढच्या रविवारी बसले. दहा वेळा उलटवली, दहा वेळा सरळ केली. दीड सिलिंडर सरळ करता येतो मला, एकटीला.

आणि एक गोष्ट कळली, ती आधी कळली असती तर माझी कितीतरी भीती गेली असती. घाबरलं की करायचं काय, तर हातातला दोर सोडून द्यायचा. शीड फडफडतं, वारा निघून जातो आणि होडी जागच्या जागी उभी राहते. फक्त शिडाच्या तळाची आडवी काठी, तिला सगळे बूम म्हणतात, ती डोक्यावरून फिरते तेव्हा मान खाली घालायची. एकदा घातली नव्हती, कपाळावर टेंगूळ आलं. बहिणीने यांनाच बोल लावला!

जानेवारीतली गोष्ट. सकाळी नऊची वेळ, गार वारा, हे सुकाणूवर आणि मी पुढे. तलावाच्या मध्यावर हे एकदम बोलायचे थांबले. मागे वळून बघते तर चेहरा पांढरा, कपाळावर घाम. माझ्या पोटात खड्डा पडला. “छातीत?” मी विचारलं. मानेने ‘नाही’ म्हणाले, पण डोळे मिटलेले. मी सरपटत मागे गेले, यांना होडीच्या तळाशी बसवलं, सुकाणू बगलेत धरलं, दोर हातात घेतला. आमचा काठ नेमका वाऱ्याच्या तोंडावर. शिडाची होडी वाऱ्याच्या अगदी समोर जात नाही, तिरपी तिरपी नागमोडी न्यावी लागते. उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. प्रत्येक वळणाला मी मोठ्याने ‘मान खाली’ म्हणत होते, हे आधीच तळाशी होते तरी. वीस मिनिटं लागली असतील. एक ढीवर दादा डोंगा वल्हवत जरा अंतर राखून सोबत आला, बोलला काही नाही.

काठावर गूळ-शेंगदाणे खाल्ल्यावर यांचा रंग परत आला. दुपारी नागपूरला येऊन ईसीजी काढला, चांगला निघाला. हे पहाटेपासून उपाशी होते आणि गोळ्या मात्र घेतल्या होत्या. डॉक्टर रागावले. मीही रागावले. आता डबा आधी होडीत जातो, मग हे.

पण त्या सकाळी, मी होडी वर ओढत असताना ती लुगडंवाली म्हातारी जवळ आली. सगळं बघत होती ती. म्हणाली, “बाई, सीधी काहून नाही आली व? इकून तिकून काहून फिरून राह्यली होती?”

मी सांगितलं, “वारा समोरून होता ना, आजी.”

तिने वाऱ्याकडे बघितलं, शिडाकडे बघितलं, आणि म्हणाली, “आमचा डोंगा तं सीधाच येते.”