खाडीच्या अलीकडचा वेग

ओहोटी लागली की अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूचा एक पट्टा घट्ट होतो. टेनिसचा चेंडू त्यावर फारसा उसळत नाही, सरपटत अंगावर येतो. अठरा-वीस वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी तिथे एक काटकुळा मुलगा गोलंदाजी करताना दिसला. त्याचं धावणं लांबलचक होतं, पण पाय वाळूत रुतत असूनही तोल ढळत नव्हता. समोरच्याची बॅट खाली येईपर्यंत स्टंप म्हणून रोवलेली काठी उडालेली असायची. त्याचे वडील मासेमारी करायचे. होडीच्या कर्जासाठी माझ्या शाखेत यायचे, त्यामुळे ओळख होती.

द्रुतगती गोलंदाज मिळत नाहीत, अशी ओरड आपल्याकडे नेहमीच असते. 1987 साली मद्रासला एमआरएफ पेस फाउंडेशन निघालं, डेनिस लिलीसारखा गुरू आला. श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईमार्गे तिथे पोचला, तेव्हा ती खटपट फुकट गेली असं कुणी म्हणणार नाही. पण वसई-विरार-पालघरच्या पट्ट्यात वेगाची वानवा मला कधीच दिसली नाही. वाळूत धावून पोरांच्या पोटऱ्या घडलेल्या असतात. अडतं ते पुढे. टेनिसच्या चेंडूचं वजन जेमतेम साठ ग्रॅम, लेदरचं दीडशेच्या वर. खांद्याच्या झटक्यावर टाकणाऱ्या पोराला मनगट सरळ ठेवून चेंडू शिवणीवर पाडायला शिकायचं, तर रोज नेट लागतं. आणि चांगली नेट्स खाडीपलीकडे, मुंबईत.

पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर याच वाटेने गेला. चर्चगेट तिथून सुमारे 90 किलोमीटर. डहाणूपर्यंत लोकल आली ती एप्रिल 2013 मध्ये. तोवर विरारच्या पुढच्या माणसाचं नशीब शटल आणि पॅसेंजरच्या हाती. दिनेश लाड तेव्हा बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत प्रशिक्षक होते. रोहित शर्मा त्यांच्याच हाताखाली घडलेला. त्यांनी या पोराला हेरलं, आपल्या शाळेत बोलावलं, आणि प्रवासाचा प्रश्न आला तेव्हा सरळ स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. लाडांना 2022 चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांचं तंत्रज्ञान थोरच असणार, पण मला विचाराल तर त्यांनी दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मैदानाजवळची झोपायची जागा. बँकेच्या भाषेत, विनातारण कर्ज. तिच्यामागे घरातल्या बाईचा होकारही असणार, हे सहसा कुणी लिहीत नाही.

फलंदाजाला ही जागा लागत नाही असं नाही. विरारचा पृथ्वी शॉ वडिलांबरोबर पहाटेच्या गाड्या पकडायचा, पण शेवटी त्याचंही बिऱ्हाड सांताक्रूझला हललं. मात्र पंधरा-सोळा वर्षांचा वेगवान गोलंदाज वेगळा. त्याची हाडं अजून वाढत असतात. प्रत्येक चेंडूला पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार कमरेवर येतो. वर विरार लोकलमध्ये पाठीवर किट घेऊन दीड तास उभं राहणं. (विरार गाडीत किट घेऊन शिरणाऱ्याला काय ऐकून घ्यावं लागतं, ते इथे छापता येणार नाही.)

अर्नाळ्याचा तो मुलगा दोन हंगाम असाच गेला. पहाटे बस, मग लोकल, मग नेट. एकदा त्याचे वडील शाखेत आले. कर्जाचं बोलून झालं, तरी उठेनात. मग म्हणाले, "साहेब, मुंबईत कुणी आहे का ओळखीचं? पोराला ठेवायला?"

माझ्या धाकट्या बहिणीचं घर गोरेगावला. तिची एक खोली रिकामी होती. मी म्हणालो, "बघतो." बहिणीला मी विचारलंच नाही. परक्याचं पोर, तिला कशाला गळ्यात घालायचं, असं वाटलं असेल. तिसऱ्या हंगामात त्याच्या मणक्याला बारीक चीर गेली. डॉक्टरांनी सहा महिने विश्रांती सांगितली. तोवर बहिणीचं लग्न, होडीचं इंजिन. तो परत नेटवर गेला नाही.

जानेवारी 2021 मध्ये शार्दूलने ब्रिस्बेनला सात बळी घेतले, पहिल्या डावात 67 धावाही केल्या. आमच्या आळीत फटाके वाजले. मी टीव्ही बंद करून गच्चीत जाऊन बसलो.

गेल्या हिवाळ्यात विरारला टेनिसच्या रात्रीच्या सामन्यात तो दिसला. आता अंगाने सुटलाय, सहा-सात पावलांवरूनच टाकतो. यॉर्कर मात्र तसाच. षटक संपवून माझ्याकडे आला.

"काका, माझा पुतण्या टाकतो. चौदाचा आहे. माझ्यापेक्षा फास्ट." मग थोडं थांबून, "मुंबईत कुणी आहे का ओळखीचं?"

घरी आल्या आल्या बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं, मागचंही. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "खोलीत सध्या सगळी अडगळ आहे. रविवारी ये, आवरायला."