शेपूट पिळणारा पदाधिकारी

आमच्या श्रीवर्धन तालुक्यात 'दंड' हा शब्द कुणी हसत उच्चारत नाही. गावकीची बैठक बसली, कुणाला दंड लागला, त्याने तो भरला नाही आणि घर वाळीत पडलं, हे रायगडच्या कितीतरी गावांनी पाहिलं आहे. लग्नाला कुणी येत नाही, मयताला खांदा मिळत नाही. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. त्यामागे रायगडमधून आलेल्या तक्रारींचा मोठा वाटा होता. त्यामुळे बोर्ली पंचतनला वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाने लायन्स क्लबच्या सभेत "दंड!" अशी आरोळी ऐकली आणि पाठोपाठ सगळा हॉल खदखदून हसताना पाहिला, तेव्हा क्षणभर काही कळेना.

क्लब आमच्याच किनाऱ्यावरचा. मी पाहुणा. बाहेर श्रावणातला पाऊस, खाली दुकान, वर हॉल, दाराशी छत्र्यांचा ढीग. सभा सुरू करायला अध्यक्ष उभे राहिले आणि लक्षात आलं की घंटा आहे, पण ती वाजवायचा हातोडाच नाही. या वस्तू सांभाळायला क्लबमध्ये 'लायन टेमर' नावाचा पदाधिकारी असतो. ध्वज, फलक, घंटा, हातोडा सगळं त्याच्या ताब्यात. मागच्या नेत्रशिबिरात तो हातोडा कुठेतरी राहून गेला होता. मग एका सुपारीच्या व्यापाऱ्याने खिशातून अडकित्ता काढला, अध्यक्षांनी त्याच्या दांड्याने घंटा वाजवली आणि सभा रीतसर सुरू झाली.

तेवढ्यात एक गृहस्थ पत्र्याचा डबा घेऊन उठले. हातोडा हरवल्याबद्दल लायन टेमरला दंड. सभेत हत्यार आणल्याबद्दल व्यापाऱ्याला दंड. शिवाय कोटाला पिन नाही, म्हणून त्यांनाच दुसरा दंड.

हे गृहस्थ म्हणजे टेल ट्विस्टर, शब्दशः शेपूट पिळणारा. सिंहांचा क्लब, तेव्हा कुणी सुस्तावला तर त्याची शेपटी पिळायलाही कुणीतरी हवंच. हे पद कुणाच्या लहरीतून आलेलं नाही. लायन्सच्या नमुना उपविधींत ते लेखी नोंदलेलं आहे. सभेत सलोखा, जिव्हाळा आणि चैतन्य राखणं, त्यासाठी गमती आणि खेळ करणं आणि विचारपूर्वक दंड लावणं, एवढं त्याचं काम. त्याने लावलेल्या दंडावर अपील नाही. पण खरी गंमत पुढच्या अटींत आहे. दंडाची कमाल रक्कम संचालक मंडळ ठरवणार. एका सभेत एका सभासदाला दोनपेक्षा जास्त वेळा दंड लावता येणार नाही. जमलेला पैसा लगेच खजिनदाराकडे जाणार आणि त्याची पावती मिळणार. खुद्द टेल ट्विस्टरला दंड करायचा असेल, तर हजर असलेल्या सगळ्या सभासदांचं एकमत हवं.

या अटी कागदावर कोरड्या वाटतात. सभेत त्यांची काय धमाल होते, ते त्या रात्री पाहिलं. अहवाल वाचला जात असताना व्यापाऱ्यांचा मोबाइल वाजला, तोही गणपतीच्या आरतीच्या सुरात. टेल ट्विस्टर डबा घेऊन धावले. व्यापारी शांतपणे म्हणाले, "माझे दोन झाले." हॉलमधून साक्ष आली, "झाले, झाले!" डबा रिकाम्या हाती परतला. व्यापाऱ्यांनी फोन कानाला लावला आणि घरी मोठ्याने सांगितलं, "बोल गो, आज मला कोण काय करू शकत नाय."

दुसऱ्या एका सभासदाने "थोडक्यात सांगतो" म्हणून सुरुवात केली आणि सतरा मिनिटं घेतली. दंड फक्त 'थोडक्यात' या शब्दाला लागला. एकाची मुलगी बारावी पास झाली होती आणि त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यालाही दंड. तो बिचारा म्हणाला, "पोर पास झाली, यात माझा काय गुन्हा?" उत्तर आलं, "पास झाली हा गुन्हा नाही, पेढे दिले नाहीत हा गुन्हा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संकोची बापाची आनंदाची बातमी अशी चारचौघांत आली. या पदाचं याहून मोठं काम मला माहीत नाही.

शेवटी डाव टेल ट्विस्टरवरच उलटला. मागच्या सभेची पावती त्यांनी घेतलीच नव्हती. ठराव आला, हात वर झाले, पण त्यांचा स्वतःचा हात खाली. त्यांचं म्हणणं, हजर असलेले सगळे म्हणजे मीही आलो, आणि माझी संमती नाही. कायद्याने मुद्दा बिनतोड होता. तेव्हा कोपऱ्यातून एक निवृत्त शिक्षक उठले. हा टेल ट्विस्टर कधीकाळी त्यांच्याच वर्गात होता. "पावती घेतली नाहीस, खरं का खोटं?" "खरं, गुरुजी." "मग हात वर." आणि पन्नाशीतल्या त्या माणसाने शाळेतल्यासारखा हात वर केला.

घरी येताना मनात गावकीच होती. तिथल्या दंडाला कमाल मर्यादा नसते, मोजदाद नसते, बहुतेकदा पावतीही नसते, आणि पंचांना दंड करायची वाट तर कुणालाच ठाऊक नसते. माणसं दोन्हीकडे तीच, याच मातीतली. फरक आहे तो त्या चार अटींचा. ज्याच्या हाती डबा दिला त्याचेही हात नियमाने बांधले, म्हणून दंड ऐकून हसू येतं. माझ्या मते त्या उपविधींतलं हे सगळ्यात शहाणं कलम आहे.

नियमाइतकंच विनोदालाही भान लागतं, आणि ती गोष्ट अशा क्लबांइतकीच जुनी आहे. लायन्स संघटना १९१७ साली शिकागोत उभी राहिली. मेल्विन जोन्स हे विमा व्यावसायिक तिचे प्रवर्तक. भारतातला पहिला क्लब १९५६ साली मुंबईत निघाला. लायन्सच्याही आधी, १९०५ साली, त्याच शिकागोत रोटरी ही अशीच क्लबांची संघटना सुरू झाली होती. रोटरीच्या सुरुवातीच्या सभासदांत हॅरी रगल्स नावाचे छपाई व्यावसायिक होते. सांगतात की एका सभेत वक्ता अश्लील विनोदाकडे वळतो आहे असं दिसताच रगल्सनी मध्येच उठून सगळ्यांना गाणं म्हणायला लावलं. विनोद कुठे थांबवायचा हे कळणंही विनोदबुद्धीचाच भाग आहे.

हे आवर्जून सांगतो, कारण सगळे टेल ट्विस्टर असे नसतात. कुणाच्या जाडीवर, धंद्यातल्या खोटीवर, बायकोच्या माहेरावर दंड लावणारेही मी पाहिले आहेत. १९८७ साली लायन्समध्ये स्त्रियांना सभासदत्व मिळालं, तरी काही सभांतले विनोद अजून त्याआधीचेच आहेत. अशा सभेतून माणूस गप्प उठतो आणि पुढच्या महिन्यात येत नाही. त्यात शेपूट पिळलं जात नाही, माणूस दुखावला जातो.

दंडाच्या पैशाची एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. लोकांकडून गोळा केलेली देणगी लोकांच्याच कामावर खर्च करायची, हा लायन्सचा पक्का नियम आहे. क्लबचा स्वतःचा खर्च वर्गणी आणि दंड यांतून भागवायचा. म्हणजे हशाचा पैसा चहापाण्याला, देणगीचा पैसा शिबिराला.

आणि शिबिर हेच मुख्य काम. ३० जून १९२५ रोजी ओहायोतल्या सीडर पॉइंटला हेलन केलर यांनी लायन्सना अंधांसाठी उभं राहण्याची साद घातली. तेव्हापासून डोळे हा या संघटनेचा विषय झाला. आमच्या भागात त्याचा अर्थ असा, की दिवेआगर, बोर्ली आणि आतल्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना मोतीबिंदूच्या तपासणीसाठी सकाळी गोळा करायचं, गाडीत चढवायचं, ऑपरेशननंतर घरी पोचवायचं. पगार नाही, रजा स्वतःची, पेट्रोल स्वतःचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरची छपरं उडवली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा इथल्या माणसांनी आधी स्वतःचं घर सावरलं आणि मग शेजाऱ्याचं. अशी माणसं नुसत्या ठरावांनी आणि अहवालांनी वर्षानुवर्षं एकत्र राहत नाहीत. त्यांना एकमेकांची संगत आवडावी लागते.

आता टेल ट्विस्टरचं पद क्लबच्या मर्जीवर सोडलं आहे, ठेवलं तर ठेवलं. काही क्लबना ते पोरकट वाटतं. माझी विनंती आहे, ते काढू नका. योग्य माणूस निवडा, चार अटी त्याच्याकडून पाठ करून घ्या आणि डबा त्याच्या हाती द्या.

त्या रात्री डब्यात तीनशे चाळीस रुपये निघाले. गुरुजींच्या देखत खजिनदारांनी जागेवर पावती फाडली.