लाईटबिलाची उकल (भाग ७) : साक्रीच्या उन्हाचा एक रुपया

स्थिर आकारावरचा मागचा भाग वाचून जळगावच्या एका वाचकाने विचारलं, “सूर्य फुकट, मग सोलरची वीज महाग कशी? आणि आमच्या बिलात ती दिसते कुठे?”

दिसत नाही, हे आधीच सांगतो.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीने २०१३ मध्ये १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू केला, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं कर्ज घेऊन. सरकारी कंपनीने एवढं मोठं सौरकाम करून दाखवणं तेव्हा नवलाचं होतं. ऊन फुकट असलं तरी पॅनल, इन्व्हर्टर, उपकेंद्र आणि कर्जाचं व्याज फुकट नसतं. २०१० अखेरीस केंद्राच्या लिलावात सौर विजेची सर्वांत कमी बोली होती युनिटला १० रुपये ९५ पैसे. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे ती २ रुपये ४४ पैशांवर आली. पण असे खरेदी करार साधारण २५ वर्षांचे असतात. बाजार पडला म्हणून जुन्या कराराचा दर पडत नाही.

आता पाटी-पेन्सिल घ्या. १२५ मेगावॅटमधून वर्षाला ढोबळ २० कोटी युनिट मिळतात. हिशेबापुरतं धरू, की ही वीज कोळशाच्या विजेहून युनिटला ५ रुपयांनी महाग पडली. म्हणजे १०० कोटींचा जादा भार. पण महावितरण दीपनगरच्या औष्णिक केंद्राची, साक्रीची, पवनचक्क्यांची अशी सगळी वीज एकाच हौदात ओतून सरासरी खर्च काढतं आणि वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने तो राज्यभरच्या ग्राहकांवर पसरतो. वर्षाला दहा हजार कोटी युनिटची विक्री धरली, तर वाटणीला युनिटमागे एक पैसा येतो. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराला एक रुपया. जळगावच्या मे महिन्यात कूलर रोज तासभर जास्त चालला तरी यापेक्षा जास्त जातात!

तेव्हा बिल फुगलं की सोलरला शिव्या घालणं मला पटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा रुपया ‘वीज आकारा’त विरघळून जातो. कोणत्या प्रकल्पापोटी किती दिले, हे ग्राहकाला बिलावरून कधीच कळत नाही.

आणि खरी किंमत तर बिलाबाहेरच आहे. धुळे जिल्ह्यातल्याच शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणची जमीन आधी औष्णिक प्रकल्पासाठी घेतली गेली, मग तिथे सौर प्रकल्प ठरला. मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या ८४ वर्षांच्या शेतकरी धर्मा पाटलांनी २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतलं. २८ तारखेला ते गेले. ही रक्कम कोणत्या आकारात धरायची?

पुढच्या भागात ‘इंधन समायोजन आकार’. तोवर मागच्या तीन महिन्यांची बिलं रद्दीत टाकू नका, लागतील.