शिंपल्यांच्या टेकाडाचं माप

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती नेल्स नेल्सन या पुरातत्त्वज्ञाने १९०६ ते १९०८ या काळात पायपीट केली आणि शिंपल्यांचे तब्बल ४२५ ढीग नोंदवले. तिथल्या ओलोनी आणि मिवोक या मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांनी खाऊन टाकलेले शिंपले, माशांचे काटे, चुलीतली राख आणि तिथेच पुरलेली माणसं, असं सगळं साठत ही टेकाडं उभी राहिली. असा ढीग पाहिला की पहिला प्रश्न येतो, केवढा आहे? आणि पाठोपाठ दुसरा, एवढं खाणारी माणसं होती तरी किती? पहिलं उत्तर चुकलं की दुसरं चुकणारच.

समजा, ढिगाचा व्यास ४० मीटर आणि उंची ५ मीटर आहे. तो शंकूसारखा धरला तर घनफळ येतं सुमारे २,१०० घनमीटर. पालथ्या वाटीसारखा फुगीर धरला तर ४,२००. टेपची मापं तीच आणि उत्तर मात्र दुप्पट! म्हणून निव्वळ सूत्रावर विसंबणं धोक्याचं. टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र किंवा ड्रोन वापरून ढिगावरच्या असंख्य बिंदूंची उंची घेतात. दाट झाडी असेल तर विमानातून लेसर किरण सोडतात. पण ही झाली वरची बाजू. याच उपसागराकाठच्या एलिस लँडिंग इथल्या ढिगाचा तळ भरतीच्या पातळीच्याही खाली गेलेला नेल्सनला आढळला होता. तेव्हा ठरावीक अंतरावर गिरमिटाने भोकं पाडून शिंपले कुठे संपतात आणि मूळची जमीन कुठे लागते, हेही पाहावं लागतं. या दोन पातळ्यांमध्ये जे मावतं, ते खरं घनफळ.

तरीही त्यात शिंपले किती, हे कळत नाहीच. मानवशास्त्रज्ञ एडवर्ड गिफर्डने १९१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ढिगांचे नमुने चाळून शिंपले, राख, हाडं, दगड यांचं वजन वेगवेगळं मांडलं. आजही पद्धत तीच आहे. ढिगात वरून खालपर्यंत चौकोनी खांबासारखा नमुना घ्यायचा, थराथराने चाळायचा. फुटक्या कपच्या मोजून उपयोग नसतो. शिंपल्याच्या दोन झापा जोडणाऱ्या बिजागरीजवळचा जाड भाग टिकतो, तो मोजतात. एका थरात डाव्या बाजूचे ३१० आणि उजव्या बाजूचे २८० निघाले, तर प्राणी किमान ३१०.

एवढं करूनही ढीग चकवतोच, कारण शिंपला टिकतो आणि मांस उरत नाही. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ जेफ बेली यांनी मांडलेला हिशोब प्रसिद्ध आहे: एका तांबड्या हरणाच्या मांसातून मिळणाऱ्या उष्मांकांची बरोबरी करायला ५२,२६७ कालवं लागतात. हरणाची हाडं टोपलीभर, कालवांच्या शिंपल्यांचं टेकाड. डोळ्यांना जे मोठं दिसतं, ते पोटाला तेवढं मोठं नसतं.

ब्राझीलच्या सांता कातारिना किनाऱ्यावर तर प्रश्नच बदलला. तिथला जाबुतिकाबेइरा-२ हा ढीग सुमारे ४०० मीटर लांब आणि २५० मीटर रुंद. थर उलगडले तेव्हा त्यात जागोजागी दफनं निघाली. तो केवळ उष्ट्याखरकट्याचा ढीग नव्हता, मृतांसाठी मुद्दाम रचत नेलेली जागा होती. अशा ढिगावरून जेवणावळींचा हिशोब करणं चूकच.

काळाचं गणित वेगळं. तोच ढीग शंभर वर्षांत साठला की हजार, यावर वस्तीचा आकार ठरतो. त्यासाठी कार्बन-१४ चाचणी करतात. मात्र समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असल्याने शिंपला सरासरी सुमारे ४०० वर्षं अधिक जुना भासतो. ती दुरुस्ती करावीच लागते.

शिवाय मोजायला ढीग उरायला हवेत. कोकणात शिंपले भाजून चुना करत, तसाच ब्राझीलमध्येही केला गेला आणि त्यासाठी कित्येक प्राचीन ढीग खणून नेले. कॅलिफोर्नियातला एमरीव्हिलचा अवाढव्य ढीग १९२४ मध्ये कारखान्यासाठी यंत्र लावून सपाट केला.

तेव्हा ‘या ढिगावरून इथे इतकी माणसं राहत होती’ असं कुठे वाचलंत, तर तीन प्रश्न जरूर विचारा. तळ मोजला का? घनमीटरमागे शिंपले किती धरले? आणि साठायला वर्षं किती लागली? तिन्हींची उत्तरं नसतील, तर तो आकडा अंदाजच समजावा.