हे खरे आहे काय?

विधानसभेच्या प्रेक्षक-सज्जात बसणाऱ्याला प्रथम जाणवतो तो गलका. परंतु त्या दिवसाच्या तारांकित प्रश्नांची यादी हाती घेऊन ती सावकाश वाचू लागले म्हणजे आमदारकीचे खरे कसब कोठे पणाला लागते, हे हळूहळू उमगते. अमुक तालुक्यातील पाझर तलावाचे काम रखडले आहे, 'हे खरे आहे काय'. 'असल्यास', शासनाने चौकशी केली आहे काय. 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' अशा ठरीव पायऱ्यांनी प्रश्न उतरत जातो, आणि खात्याकडून 'हे अंशतः खरे आहे' किंवा 'प्रश्न उद्भवत नाही' असे जपून घडवलेले उत्तर येते. यादीत प्रश्न कोणीही घालावा. कस लागतो तो उपप्रश्नाच्या वेळी, कारण मंत्र्याने गाळलेला तपशील तिथल्या तिथे वदवून घ्यायचा, तर गावचे दप्तर आधी स्वतः चाळलेले असावे लागते.

जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी यांची कारकीर्द या कसबावर उभी राहिली. जन्म खेड तालुक्यातील कडूसचा, पेशा वकिलीचा. १९५७ साली मावळातून ते द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत आले, आणि पुढे १९६७ व १९७२ साली पुण्यातून निवडून गेले. १९७२ च्या २७० जणांच्या सभागृहात काँग्रेसचे २२२ आणि जनसंघाचे अवघे ५ सभासद असल्यामुळे मतविभागणीचा निकाल घंटा वाजण्यापूर्वीच ठरलेला असे. म्हणून परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या या उजव्या विचारांच्या गृहस्थाने प्रश्न, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा अशा नियमावलीतील आयुधांवरच भिस्त ठेवली. आणीबाणीत त्यांना तुरुंगवास घडला. १९७७ आणि १९८० साली ठाण्याने त्यांना लोकसभेत पाठविले, आणि १९८२ साली ते निवर्तले. लोकप्रतिनिधींच्या प्रशिक्षणासाठी त्यांच्या नावाची प्रबोधिनी त्याच वर्षी निघाली.

त्यांच्या पक्षाची विचारसरणी ज्याला मुळीच मानवत नाही, त्यानेही एका गोष्टीची कदर करावी: वर्षभरात आपण काय केले, याचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवण्याचा प्रघात त्यांनी पाडला. मंत्र्याकडे हिशेब मागणाऱ्याने स्वतःचाही हिशेब द्यावा, अशी सक्ती कोणत्याही नियमावलीने त्यांच्यावर केलेली नव्हती. ती आजही आमदारावर नाही. तो हिशेब मागण्याची मुभा मात्र मतदाराला आहे, आणि ती तो क्वचितच वापरतो.