प्लास्टिकच्या पेट्रोल टाकीवर न टिकलेला रंग

लहान इंजिनाच्या पेट्रोल टाकीला रंग देणे ही मुळात अवघड गोष्ट नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गवत कापायची यंत्रे, पाण्याचे पंप, जनरेटर या सगळ्यांच्या टाक्या पत्र्याच्या असत. पत्रा घासून त्यावर प्रायमर मारला, वरून इनॅमल चढवून भट्टीत भाजले, की रंग वर्षानुवर्षे हलत नसे. टाकीचे खरे दुखणे गंजाचे होते, आणि तो आतून धरत असे.

गंजावरचा उपाय पॉलिथिलीनने आणला. १९५३ साली जर्मनीत म्युलहाइम येथे कार्ल झीग्लर यांनी कमी दाबाखाली पॉलिथिलीन बनवण्याची रीत शोधली. अमेरिकेत फिलिप्स पेट्रोलियममध्ये होगन आणि बँक्स यांना वेगळ्या उत्प्रेरकाने हेच साधले होते. या उच्च घनतेच्या प्लास्टिकची, म्हणजे एचडीपीईची, टाकी साच्यात हवा फुंकून हव्या त्या आकारात काढता येते. तिला सांधा नाही, गंज नाही, वजनही कमी. १९७३ च्या फोक्सवागन पासाटपासून मोटारींत ती मोठ्या प्रमाणावर आली. लहान इंजिनांतही पत्रा हळूहळू मागे पडला. होंडाच्या जीएक्स मालिकेतली इंजिने मात्र बहुतांशी पत्र्यालाच धरून राहिली.

रंगाची अडचण इथे सुरू झाली. द्रवाला एखाद्या पृष्ठभागावर नीट पसरायचे तर त्या पृष्ठभागाची ऊर्जा पुरेशी लागते. पॉलिथिलीनची ही ऊर्जा मीटरला सुमारे ३१ मिलिन्यूटन भरते. रंग किंवा शाई धरायला ती साधारण ३८ च्या वर हवी. त्यामुळे रंग पसरण्याऐवजी गोळा होतो आणि वाळल्यावर नखानेही निघतो. पत्र्याच्या सवयीने पॉलिश पेपर मारावा तर प्लास्टिक गुळगुळीत घासले जात नाही, त्यावर बारीक तंतूंची लव उठते आणि ती रंगातून वर दिसते. भट्टीचा मार्गही बंद, कारण एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळते आणि पावडर कोटिंगला १८० अंश लागतात.

बाटल्यांवर छपाई करणाऱ्यांनी हे कोडे १९५० च्या दशकातच सोडवले होते. ज्योतीचा झोत किंवा विजेचा कोरोना विसर्ग पृष्ठभागावरून फिरवला की तिथे ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात आणि शाई धरते. शांपूच्या बाटलीला एवढे पुरते. पेट्रोलच्या टाकीला पुरत नाही, कारण तिथे रंगाला खालूनही धक्का बसतो. पेट्रोलमधले हायड्रोकार्बन पॉलिथिलीनच्या भिंतीत मुरतात आणि झिरपत बाहेर येतात. बाहेर रंगाचा थर असेल तर वाफ त्याच्याखाली साठते, फोड येतात, मग पोपडे सुटतात. शिवाय पेट्रोल मुरले की भिंत किंचित फुगते, आणि उन्हात ती पोलादाच्या दसपट किंवा त्याहून जास्त प्रसरण पावते. कडक रंगाला तडे जायला एवढे कारण पुष्कळ आहे.

मोटारींच्या प्लास्टिक बंपरसाठी क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनचे प्रायमर आले, तेव्हा तेही टाक्यांवर वापरून पाहिले गेले. मुळात ते पॉलिप्रॉपिलीनसाठी बनवलेले; पॉलिथिलीनवर त्यांची पकड कमी पडते. त्यातही वाईट म्हणजे पेट्रोल त्यांना मऊ करते. जो थर रंग धरून ठेवायला दिला तोच आधी सुटतो.

शेवटी कारखान्यांनी रंगकामच सोडले आणि रंगद्रव्य प्लास्टिकच्या दाण्यांतच मिसळले. काळ्या टाकीत काजळी घातली की उन्हापासून संरक्षणही मिळते. बिनरंगी टाकीत पेट्रोल किती उरले ते बाहेरून दिसते. रंगीत रूप हवे असेल तर टाकीवर वेगळे प्लास्टिकचे आवरण बसू लागले. डर्ट बाइकच्या टाक्यांवरचे स्टिकर वाफेने फुगत, म्हणून त्यांना सुईएवढी भोके पाडली गेली. हा उपाय दिसायला फार देखणा नाही, पण समस्या नेमकी ओळखणारा आहे.

झिरपण्यावरचा इलाज रंगासाठी नव्हे, हवेच्या प्रदूषणासाठी झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ साली लहान इंजिनांच्या बहुतेक टाक्यांना भिंतीतून झिरपण्याची मर्यादा घातली: चौरस मीटरमागे दिवसाला १.५ ग्रॅम. ती २०११-१२ पासून लागू झाली. मग फ्लोरिन वायूची प्रक्रिया आणि मध्ये ईव्हीओएच या प्लास्टिकचा अडथळा असलेल्या बहुथरी टाक्या वाढल्या. तयार टाकी फ्लोरिनच्या कक्षात ठेवली तर तिचा बाहेरचा पृष्ठभागही रंग धरू लागतो. रंगारी ज्याची वाट पाहत होते ते असे आडवाटेने मिळाले. ईव्हीओएच मात्र फक्त वाफ अडवतो. बाहेरची भिंत पूर्वीइतकीच निसरडी राहते.

दरम्यान इंधनही बदलत गेले. भारतात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचे लक्ष्य जून २०२२ मध्ये गाठले गेले आणि २०२३ पासून २० टक्क्यांचे मिश्रण पंपांवर येऊ लागले. एचडीपीईतून इथेनॉल फारसे झिरपत नाही, पण करवतींसारख्या यंत्रांच्या नायलॉनच्या टाक्या ते शोषून घेतात. झाकणाशी सांडलेले पेट्रोल साध्या स्प्रेच्या रंगाला विरघळवते. दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग त्यापुढे बराच टिकतो. वापरलेल्या जुन्या टाकीवर मात्र तोही फसतो, कारण रिकामी करून धुतली तरी भिंतीत मुरलेले पेट्रोल बरेच दिवस बाहेर येत राहते. अशा टाकीवर ज्योत फिरवणे तर सरळ स्फोटाला आमंत्रण आहे, कारण रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचे पेटणारे मिश्रण असते.